आधी पाहुणे, मग खून

घरी आठ-दहा माणसं बोलवायची, प्रत्येकाच्या हाती एखादं पात्र किंवा एखादं गुपित द्यायचं आणि संध्याकाळभर एका खोट्या खुनाचा छडा लावायचा, ही करमणूक आता मराठी घरांना अगदीच अनोळखी राहिलेली नाही. खोक्यातून येणारे खेळ मिळतात, घरच्या घरी छापून घ्यायच्या फायली मिळतात, नुसत्या पत्त्यांच्या जोडावर चालणारे खेळही मिळतात. अडचण निवडीची आहे. विकणारे सांगतात ते तीन गोष्टी: कोडं किती अवघड आहे, कथा कुठे घडते आणि वेळ किती लागतो. यजमानही तेवढंच पाहून खेळ घेतो. मग पाहुणे जमतात, आणि तासाभरात चित्र असं दिसतं की दोघंजण हिरिरीने वाद घालताहेत, तिघं ऐकून हसताहेत, एक मावशी ‘माझं पान कुठलं?’ म्हणत कागद चाळताहेत आणि एक काका फोन आल्याचं निमित्त काढून गॅलरीत गेले आहेत. कोडं उत्तम असूनही हे घडतं, कारण बिघाड कोड्यात नसतोच. खेळ पाहुण्याकडून नेमकं काय मागतो, हे कोणी तपासलेलं नसतं. माझ्या मते हे मागणं मुख्यतः तीन प्रकारचं असतं: आयत्या वेळी काहीतरी रचून बोलणं, लोकांच्या डोळ्यांत पाहून खोटं बोलणं, आणि ओळखीच्या माणसाला चारचौघांत खोटं ठरवणं. कुठल्या खेळात यातलं काय किती लागतं हे कळलं, की निवड बरीचशी झालेली असते. कोड्याचा दर्जा हा त्यानंतरचा प्रश्न.

या खेळांचा इतिहास पाहिला तर हे मागणं कमी-जास्त करण्याचेच प्रयोग त्यात दिसतात. पहिल्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडात, शनिवार-रविवार मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांमध्ये अंधारातल्या खुनाचा खेळ लोकप्रिय होता. चिठ्ठ्या काढायच्या, एकाला खुनी आणि एकाला पोलीस व्हायचं, दिवे मालवायचे, कोणीतरी किंचाळायचं, मग उलटतपासणी. खुनी सोडून सगळ्यांनी खरं बोलायचं, एवढाच नियम. न्गायो मार्श यांची 1934 सालची पहिली कादंबरी अशाच खेळाच्या निमित्ताने खऱ्या प्रेतापर्यंत पोचते. अगाथा ख्रिस्तीच्या 1950 सालच्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये गावच्या वर्तमानपत्रात खुनाची जाहिरात येते, आणि शेजारीपाजारी तो पार्टीतला खेळ समजून नटूनथटून हजर होतात. वाचकाला हे पटतं, याचा अर्थ तो खेळ तेव्हा घरोघरी माहीत असणार. त्याच काळात दुसरी वाटही निघाली होती. डेनिस व्हीटली आणि जे. जी. लिंक्स यांनी 1936 साली ‘मर्डर ऑफ मायामी’ काढलं. ते पुस्तक नव्हतं, पोलिसांची फाइल होती. त्यात तारा, जबान्या, छायाचित्रं होती आणि शिवाय खरे केस, आगकाडी, डाग पडलेल्या पडद्याचा तुकडा असा ऐवज चिकटवलेला होता. उत्तर शेवटच्या मोहोरबंद पानांत. इथे कोणाला कोणाशी खोटं बोलायचं नव्हतं; दिव्याखाली बसून वाचायचं आणि डोकं चालवायचं. आज बाजारात जे काही आहे, ते बहुतेक या दोन वाटांच्या मधलं कुठलं तरी ठिकाण आहे.

‘क्लुडो’चं उदाहरण या दृष्टीने फार बोलकं आहे. त्याचे कर्ते अँथनी प्रॅट हे बर्मिंगहॅमचे. पियानोवादक म्हणून ते हॉटेलांतून वाजवत, तिथे पाहुण्यांचे खुनाचे खेळ त्यांनी पाहिले होते. दुसऱ्या महायुद्धात ते युद्धसाहित्याच्या कारखान्यात लागले. रात्रीच्या सक्तीच्या अंधारात आणि बॉम्बच्या भीतीत असल्या मेजवान्या संपल्याच होत्या. 1944 साली त्यांनी आपल्या खेळाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि वॉडिंग्टन्स कंपनीने तो 1949 साली बाजारात आणला. प्रॅट यांनी काय केलं? पार्टीतला सगळा सामाजिक धोका काढून टाकला. सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या, म्हणजे 324 शक्यता. त्यातून एकेक बाद करत जायचं. हेतू नाही, जबानी नाही, अभिनय नाही. एवढंच काय, तुम्ही ज्या पात्राची सोंगटी चालवता तेच पात्र खुनी निघू शकतं आणि शेवटपर्यंत तुम्हाला त्याचा पत्ता नसतो. स्वतःच्या गुन्ह्याविषयी इतका निरागस खुनी दुसऱ्या कुठल्या खेळात सापडायचा नाही. म्हणूनच दहा वर्षांचा नातू आणि सत्तरीचे आजोबा एका पटावर बसू शकतात. पण सोय झाली त्याबरोबर नाट्यही गेलं. ‘क्लुडो’ हा चांगला पटाचा खेळ आहे. त्यावर संध्याकाळच्या मेजवानीचा डोलारा उभा राहत नाही, आणि सहापेक्षा जास्त माणसं असतील तर उरलेल्यांनी काय करायचं, हाही प्रश्न असतोच.

फाइलवाल्या खेळांचं आजचं पीक मोठं आहे. 1981 साली आलेला आणि 1985 साली जर्मनीतला मानाचा ‘वर्षाचा खेळ’ हा पुरस्कार मिळवणारा ‘शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह’ अजून या गटात वरच्या पायरीवर आहे. लंडनचा नकाशा, पत्त्यांची सूची आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र हाती देतात. कुठे जायचं, कोणाला भेटायचं हे तुम्ही ठरवायचं. 2018 साली आलेला ‘क्रॉनिकल्स ऑफ क्राइम’ हेच काम फोन आणि क्यूआर कोडच्या मदतीने करतो. या खेळांत पाहुणे एकमेकांविरुद्ध नसतात, सगळे एका बाजूला आणि कागद दुसऱ्या बाजूला. खोटं बोलण्याचा आणि आरोप करण्याचा भाग शून्य. पण त्यांचं एक वेगळंच मागणं आहे: वाचन, तेही मन लावून आणि जवळजवळ नेहमी इंग्रजीतून. ‘शेरलॉक होम्स’च्या खोक्यावर आठ खेळाडूंपर्यंत चालेल असं लिहिलेलं असलं, तरी वर्तमानपत्राचं एक पान एका वेळी दोन-तीन माणसंच वाचू शकतात. बाकीचे त्यांच्या खांद्यावरून डोकावतात आणि हळूहळू गप्पांकडे वळतात. चार जणांच्या, पुस्तकं वाचणाऱ्या, एकमेकांना कंटाळलेल्या नसलेल्या मित्रमंडळीसाठी याहून चांगली निवड नाही. बाराजणांसाठी ही निवड चुकीची, हेही तितकंच खरं. बारांना हाच प्रकार हवा असेल तर एकाच फाइलच्या तीन प्रती घ्याव्यात आणि तीन टेबलांत शर्यत लावावी.

दुसऱ्या टोकाला ‘माफिया’. मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री दाविदोव यांनी 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात हा खेळ बसवला आणि तिथून तो वसतिगृहं, शिबिरं, प्रवास अशा वाटांनी जगभर गेला. 1997 साली अँड्र्यू प्लॉटकिन यांनी त्याला लांडग्यांची गोष्ट जोडली आणि ‘वेअरवुल्फ’ हे नाव रूढ झालं. सामान लागत नाही, चिठ्ठ्या पुरतात. आपल्याकडच्या राजा-प्रधान-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्यांशी याचं नातं कोणाच्याही लगेच लक्षात येईल. फरक इतकाच, की तिथे एकदा बोट दाखवलं की डाव संपतो आणि गुण मांडले जातात, इथे मात्र रात्री एकेक जण मरतो आणि दिवसा गाव जमून कोणाला फासावर द्यायचं यावर मत घेतं. मूठभर माणसांना, म्हणजे खुनी माफियांना, सगळं माहीत असतं, बहुसंख्यांना काहीच नाही, आणि तरीही डाव चुरशीचा होतो. यावर गंभीर गणितही झालं आहे. ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल यांनी 2008 सालच्या शोधनिबंधात दाखवलं, की पोलीस नसलेल्या साध्या डावात दोन्ही बाजूंना वाजवी संधी हवी असेल, तर माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढायला हवी, खेळाडूंच्या सरळ प्रमाणात नव्हे. माणसं वाढली म्हणून त्याच हिशेबाने खुनी वाढवत गेलं, की गावाचा निकाल लागलाच म्हणून समजा.

माफियातला उघड दोष सगळ्यांना ठाऊक आहे: पहिल्या रात्री जो मेला, त्याने पुढचा पाऊण तास नुसतं बसून राहायचं. पाहुण्याला घरी बोलावून पहिल्याच रात्री मारणं हे आतिथ्याच्या कुठल्याच कल्पनेत बसत नाही. यावर उपाय निघाले आहेत. 2014 सालचा ‘वन नाइट अल्टिमेट वेअरवुल्फ’ एकाच रात्रीत आणि दहाएक मिनिटांत आटोपतो, त्यामुळे डाव संपण्याआधी कोणी बाहेर जातच नाही. ‘ब्लड ऑन द क्लॉकटॉवर’मध्ये मेलेला माणूस बोलत राहतो आणि शेवटचं एक मतही त्याच्याकडे शिल्लक असतं, ते कधी वापरायचं याचा डावपेच हाच मेलेल्याचा विरंगुळा. हे दोन्ही खेळ मूळ माफियापेक्षा मेजवानीला निश्चितच बरे. पण मोठा दोष त्यांनीही सुटत नाही, कारण तो नियमांत नाही, नावांत आहे. माफियात आरोप कर्नलवर किंवा डॉक्टरवर होत नाही. ‘वहिनी खोटं बोलताहेत’ असंच म्हणावं लागतं. पुरावा जवळजवळ नसतो, त्यामुळे वहिनींच्या आवाजातला कंप, हसणं, गप्प बसणं हाच पुरावा. आणि मग संशयासाठी खेळाबाहेरचा माल वापरला जातो: ‘त्या नेहमीच अशा गोड बोलतात.’

समवयस्क मित्रांत याची गंमत असते. मान-पान, वय आणि नाती जिथे हजर आहेत तिथे हा खेळ दोनपैकी एका तऱ्हेने बिघडतो. एक तर सून सासूबाईंवर, किंवा कनिष्ठ कर्मचारी साहेबांवर आरोप करतच नाही, आणि साहेब लांडगा असतील तर ते निवांत जिंकतात. नाहीतर आरोप होतो आणि तो खेळ संपल्यावरही पूर्ण मिटत नाही. विजय तेंडुलकरांच्या 1967 साली रंगमंचावर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाची आठवण इथे अपरिहार्य आहे. वेळ घालवायला म्हणून हौशी नटमंडळी लुटुपुटूचा खटला उभा करतात. वकील, न्यायाधीश, साक्षीदार अशा भूमिका वाटल्या जातात. त्यांच्यातल्याच बेणारेबाईंना मात्र आरोपी केलं जातं ते बेणारेबाई म्हणूनच. बाकीच्यांच्या अंगावर भूमिकेचा झगा आहे, तिच्या अंगावर नाही, आणि क्रौर्याला वाट मिळते ती नेमकी तिथून. नाटकाचा विषय याहून अर्थातच खूप मोठा आहे. पण पार्टीचा खेळ निवडणाऱ्यालाही त्यातून एक कसोटी मिळते: आरोप माणसावर होतो की पात्रावर? मिश्र वयाच्या, मिश्र दर्जाच्या, एकमेकांना नव्यानेच भेटणाऱ्या जमावात आरोप पात्रावर होणारा खेळच घ्यावा. ऑफिसच्या सहलीला माफिया हमखास खेळला जातो, कारण तो फुकट आहे. माझ्या मते तिथेच तो सर्वांत अयोग्य आहे.

पात्रांवर चालणारा प्रकार म्हणजे ज्याला लोक खरोखर ‘मर्डर मिस्टरी पार्टी’ म्हणतात तो. 1980च्या दशकात अमेरिकेत ‘हाउ टू होस्ट अ मर्डर’ या मालिकेने त्याचा साचा घट्ट केला: आठ पाहुणे, चार पुरुष आणि चार स्त्रिया, प्रत्येकाला आधीच पाठवलेलं आमंत्रण आणि वेशभूषेची सूचना, मग फेरीफेरीने उघडायच्या पुस्तिका. साहजिक शंका अशी, की जे लोक चारचौघांत बोलायलाच लाजतात त्यांच्यावर पात्र लादणं हा सगळ्यांत मोठा जाच नव्हे काय? यजमान इथेच बिचकतात आणि ‘आपल्याकडे कोण अभिनय करणार’ म्हणून माफियाकडे वळतात. पण खेळाची रचना नीट पाहिली तर उलटंच दिसतं. माफियात साध्या गावकऱ्याच्या हाती काहीच नसतं. त्याला विचारलं की तो ‘मी नाही’ म्हणतो. त्यापुढे जे काही बोलायचं ते त्याने स्वतः रचायचं. भिडस्त माणसाची पंचाईत होते ती इथे. पात्राच्या पुस्तिकेत मात्र लिहिलेलं असतं: तुम्ही मृताकडून कर्ज घेतलं होतं, रात्री नऊला तुम्ही बागेत होतात, गायिकेला तुम्ही रडताना पाहिलंत, आणि कर्जाची गोष्ट होता होईतो लपवा. म्हणजे त्याच्याकडे सांगण्याजोगं काहीतरी आहे, आणि ते हवं असल्याने लोक आपणहून त्याच्याकडे येतात. सुरुवात त्याला करावी लागत नाही. फेटा बांधायला किंवा जुनी शाल पांघरायला लागणारं धैर्य त्या मानाने फार थोडं. ज्याला बोलणं जड जातं त्याला हलकं, दोन ओळींचं पात्र देणं ही यजमानाची दयाळू चूक आहे. त्याला माहितीने गच्च भरलेलं पात्र द्यायला हवं. मोकळी, ‘तुमच्या मनाने रंगवा’ अशी पात्रं बोलघेवड्यांना द्यावीत. ते काहीही करतीलच.

खुनी कोणाला करायचं हाही याच विचाराचा भाग. काही खेळांत खुन्याला सुरुवातीपासून आपला गुन्हा माहीत असतो, काहींत तो शेवटच्या फेरीत त्याच्याही लक्षात येतो. पहिल्या प्रकारात ते पात्र कोणाच्या वाट्याला येतं यावर सगळी संध्याकाळ अवलंबून असते, आणि यजमानाने चिठ्ठ्या न टाकता विचार करून ते द्यावं. तीन तास खोटं निभावण्याचा काही लोकांना मनापासून त्रास होतो, तो भित्रेपणा नव्हे. पाहुण्यांची पुरेशी ओळख नसेल तर दुसरा प्रकार घ्यावा: कोणालाच काही लपवायचं नाही, आणि शेवटी ‘अरे, मीच?’ म्हणण्याची गंमत एकाला फुकट मिळते. जाणकार याला नाकं मुरडतात, कारण स्वतःच्याच खुनाची माहिती नसलेला खुनी तर्काला पटत नाही. तक्रार बरोबर आहे. फक्त ती करणारे लोक वेगळ्या पार्टीचे पाहुणे आहेत.

ही सगळी मांडणी म्हणजे यजमानाचा फाजील विचार, असं वाटत असेल तर चीनकडे पाहावं. पाश्चात्त्य पार्टी-खेळांच्या अनुवादातून तिथे हा प्रकार शिरला, 2016 साली मँगो टीव्हीवर आलेल्या तारे-तारकांच्या खून-शोध कार्यक्रमाने तो घरोघरी नेला, आणि पाहता पाहता ‘जुबेनशा’ नावाने त्याचा धंदा झाला. शहराशहरांत त्यासाठी दुकानं निघाली. चार-सहा तासांसाठी खोली, संहिता आणि खेळ चालवणारा सूत्रधार भाड्याने मिळतो. सरकारला संहितांकडे लक्ष द्यावंसं वाटावं इतका तो वाढला. जिथे निवडीवर दुकानाचं पोट अवलंबून आहे तिथे लोक कशी निवड करतात? काठिण्यपातळी असते, पण त्याहून ठळक वर्गवारी अशी, की ही संहिता कडक तर्काची आहे, ही हसवणारी, ही घाबरवणारी, ही गटबाजीची आणि ही रडवणारी. होय, रडवणारी: खून नावापुरता, आणि शेवटच्या तासात खेळाडू आपापल्या पात्रांच्या दुःखाने डोळे पुसतात, त्यासाठीच पैसे देतात. गिऱ्हाईक येतं तेव्हा दुकानदार आधी विचारतो तो प्रश्न पाहुण्यांविषयीचाच असतो. पन्नास-साठ पानांच्या संहिता वाचायची तयारी तिथल्या तरुणांत आहे, आपल्या जेवणाच्या बेतात ती बसणार नाही, हे खरं. पण वर्गवारीचं तत्त्व उचलण्यासारखं आहे.

आता आपल्या घरांच्या काही खास अडचणी. खोक्यातल्या इंग्रजी-अमेरिकी खेळांची फेरी जेवणाच्या टप्प्यांवर बेतलेली असते: सूप, पहिली फेरी, मुख्य पदार्थ, दुसरी, गोड, तिसरी. मराठी ताटात वरण-भातापासून श्रीखंडापर्यंत सगळं एका वेळी येतं, आणि पुऱ्या गरम हव्यात म्हणून कोणीतरी एकजण कढईपाशी उभी असते. त्या बाईला संशयित केलं तर अर्धे प्रश्न स्वयंपाकघराच्या दारातून विचारावे लागतात. जेवण आधी उरकावं, खेळ नंतर. किंवा भेळ, बटाटेवडे असं हातात घेऊन फिरता येईल असं काही ठेवावं. दुसरी अडचण संख्येची. ‘बघतो, जमलं तर येतो’ हे आपल्याकडे होकारातही मोडतं आणि नकारातही. शिवाय येणारा सोबत मेव्हण्याला आणू शकतो. नेमक्या आठ पात्रांवर, त्यातही चार पुरुष आणि चार स्त्रिया अशा हिशेबावर उभा असलेला खेळ एका गैरहजेरीत कोसळतो. म्हणून आवश्यक पात्रं कमी आणि ऐच्छिक पात्रं जास्त असलेला, आणि पात्राचं लिंग बदलता येईल असा खेळ पाहावा. तिसरी भाषेची. पुस्तिका इंग्रजी आणि बोलणं मराठी, हे पुष्कळदा छान जमतं. उलट त्या सरमिसळीत विनोद वाढतो. मात्र ज्या खेळात धागा इंग्रजी आद्याक्षरांत किंवा शब्दखेळात लपवलेला असतो, तो अनुवादात मरतो. यजमानाने उत्तर आधी वाचून हे तपासायलाच हवं, मग त्या संध्याकाळी त्याला स्वतःला शोध घेता आला नाही तरी चालेल. त्याने मृत व्हावं आणि नंतर पोलीस.

आजी-आजोबा, शाळकरी मुलं आणि परप्रांतीय जावई एकाच दिवाणखान्यात असतील तर पात्रांचे खेळही जड होतात. तिथे दोन खेळांची शिफारस करावीशी वाटते. ‘मिस्टेरियम’मध्ये एकजण भूत होतो, तोंडातून चकार शब्द काढत नाही, फक्त स्वप्नांची चित्रं देतो, बाकीचे मिळून त्या चित्रांचा अर्थ लावत खुनी, जागा आणि हत्यार शोधतात. सातजणांपर्यंत चालतो, वाचन जवळजवळ नाही, खोटं अजिबात नाही, आणि चित्रातल्या जिन्याचा अर्थ काय यावर आजी नातवाशी तावातावाने भांडू शकते. ‘डिसेप्शन: मर्डर इन हाँगकाँग’ बाराजणांपर्यंत जातो. सगळ्यांच्या पुढ्यात हत्यारांची आणि पुराव्यांची पानं उघडी असतात, न्यायवैद्यक तज्ज्ञ मुक्याने खुणा देतो, आणि खुनी त्यांच्यातच बसलेला असतो. इथे खोटं आहे आणि आरोपही माणसावरच आहे, पण संशय पुढ्यातल्या पानांना धरून घ्यावा लागतो, आणि वीस मिनिटांत डाव संपून पुढचा खुनी दुसरा कोणीतरी होतो. राग धरायला वेळच मिळत नाही. हौजी आपल्या प्रत्येक समारंभात का टिकून आहे याचं उत्तरही यातच आहे: तिथे कोणाला काही सिद्ध करावं लागत नाही. हे दोन खेळ त्या निश्चिंतीच्या जवळ राहून थोडं डोकंही चालवायला लावतात. अगदी लहान मुलं असतील तर खून नकोच. गणपतीपुढचा मोदक कोणी पळवला, एवढा गुन्हा त्यांना पुरेसा गंभीर असतो. आणि ज्या घरात नुकतंच कोणी गेलेलं आहे तिथे मोठ्यांसाठीही चोरीच बरी.

यावर एक वजनदार आक्षेप उरतो: एवढी सगळी पाहुण्यांची मर्जी सांभाळून कोडंच पोकळ निघालं तर? आक्षेप खरा आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 साली गुप्तहेरकथेसाठी दहा आज्ञा सांगितल्या, त्यांचा गाभा हाच, की वाचकापासून काही लपवून त्याला हरवू नये. पार्टीतल्या खेळाला हा नियम आणखी कडक लागतो, कारण इथे फसवणूक झालेला वाचक तुमच्या सोफ्यावर बसलेला असतो. शेवटच्या पानावर अचानक जुळा भाऊ निघाला तर सगळ्या संध्याकाळचा विचका होतो. पण न्याय्य असणं आणि अवघड असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निवड करताना त्यांची गल्लत होते. पार्टीत कोडं मध्यम सोपं असलेलं चालतं, किंबहुना तेच हवं. माणसं थकलेली असतात, पोटं भरलेली असतात आणि अर्धी माहिती गोंगाटात हरवते. उत्तर ऐकल्यावर चार-पाच जणांनी ‘मला वाटलंच होतं’ म्हणावं आणि बाकीच्यांनी कपाळावर हात मारावा, इतकं पुरे. खेळ न्याय्य आहे की नाही हे मात्र खोक्यावर लिहिलेलं नसतं. ते उत्तर वाचून आणि प्रत्येक धागा कोणाच्या पुस्तिकेत आहे हे मोजूनच कळतं. निर्णायक धागा एकाच पात्राकडे असेल आणि ते पात्र गॅलरीत फोनवर गेलेल्या काकांकडे असेल, तर उत्तम कोडंही सुटत नाही. महत्त्वाची माहिती किमान दोन ठिकाणी असावी.

म्हणूनच काही हौशी यजमान स्वतःच खेळ लिहितात, आणि पाहुणे माहीत असल्याने त्यांना हे जमायला हवं असं वाटतं. एका बाबतीत ते खरंच पुढे असतात. लॉर्ड, बटलर, कोल्ह्याची शिकार यांत आपल्या पाहुण्यांना स्वतःचं काही घालता येत नाही. बटलर नेमकं काय करतो, हे ज्याला ठाऊक नाही तो बटलरचं सोंग कसं वठवणार? त्याऐवजी दौऱ्यावर निघालेली नाटक कंपनी घ्या, दिवाळी अंकाचं कार्यालय घ्या, किंवा गणपतीसाठी जमलेलं कोकणातलं घर घ्या, आणि पुराव्यात मृत्युपत्राऐवजी सातबाऱ्याचा उतारा ठेवा. एक नाव कमी झालेलं आहे, फेरफाराची तारीख मृत्यूच्या आदल्या आठवड्यातली आहे, एवढं दिसलं की कोणालाही हेतू समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या बाबतीत मात्र घरचा लेखक मागे पडतो: त्याला उत्तर माहीत असल्याने कोडं किती अवघड झालं आहे हे त्याला कधीच कळत नाही. पार्टीला न येणाऱ्या दोन माणसांना सगळ्या पुस्तिका वाचायला देऊन त्यांना खुनी सापडतो का हे पाहावं. दोघांनाही सापडला नाही तर दोन धागे वाढवावेत. आणि पात्रं लिहिताना पाहुण्यांचे खरे स्वभाव, खरी लग्नं, खऱ्या उधाऱ्या त्यांत आणू नयेत. ‘कंजूष काका’ हे पात्र कंजूष काकांना देण्याचा मोह लिहिणाऱ्याला विनोद वाटतो, काकांना नाही. ज्या कुटुंबात जमिनीचा दावा खरोखरच चालू आहे तिथे तर सातबाराही बाजूला ठेवावा. तिथे इंग्रज लॉर्डच बरा, त्याचे भाऊबंद जेवायला आलेले नसतात.